कळंबोली ते कुडाळ, सहा पॉइंट : चार दिवसांच्या भाड्याचा हिशेब

सतरा फुटी आयशर, सहा टन माल, सहा दुकानं, म्हणजे माल उतरवायचे सहा पॉइंट. टाइल्स, रंगाचे डबे, नळाचं सामान आणि पाण्याच्या टाक्या. महाड, दापोली, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली आणि शेवटी कुडाळ. दलाल फोनवर म्हणतो, "भाडं कुडाळचं धर, मधले पाच पॉइंट आहेत, पॉइंटला पाचशे लावून देतो." अडीच हजार वर मिळणार म्हणून हो म्हटलं जातं, आणि चौथ्या दिवशी खिशात काय उरलं हे पाहिल्यावर कळतं की मधली दुकानं फुकटात झाली.

आदली संध्याकाळ

भाडं बोलायच्या आधी आपल्या गाडीचे दोन दर हातात हवेत, एक किलोमीटरचा आणि एक तासाचा. किलोमीटरचा बहुतेकांना तोंडपाठ असतो. तासाचा कुणी काढत नाही, आणि पॉइंटचा जवळपास सगळा खर्च तासांतच असतो.

किलोमीटरचा असा: घाट धरून, भरलेली-रिकामी मिळून गाडी लिटरला साडेसात देते. डिझेल ९० रुपये धरलं तर किलोमीटरला १२. सहा टायर ८४,००० चे, ६०,००० किलोमीटर चालले तर १ रुपया ४० पैसे. ऑइल, ग्रीसिंग, लायनर, क्लच, पाटे यांचे मिळून १ रुपया ६० पैसे. झाले १५.

तासाचा असा: महिन्याचा हप्ता २८,०००, विमा ५,०००, टॅक्स-पासिंग-परमिटचे १,५००, ड्रायव्हर २०,०००, क्लीनर १२,०००, पार्किंग वगैरे १,०००. मालक स्वतः स्टिअरिंगवर असला तरी ड्रायव्हरचा पगार धरायचाच, नाहीतर आपलीच मजुरी आपण भाड्यात सूट म्हणून देतो. महिन्याचे ६७,५०० होतात. गाडी पंचवीस दिवस कामावर असते असं धरलं तर दिवसाला २,७००, त्यात दोघांच्या जेवणखाणाचे ५००. हे ३,२०० दहा तासांवर वाटले की तासाला ३२०. दोन्ही दरांवर साधारण १२ टक्के नफा चढवला की किलोमीटरला १७ आणि तासाला ३६०. आकडे हिशेबापुरते घेतलेत, ज्याने त्याने आपल्या वहीतले घालावेत. रीत बदलत नाही.

आता मधला एकही पॉइंट नाही असं समजून कुडाळ. जाऊन-येऊन ९०० किलोमीटर, १७ ने १५,३००. वेळ : भरायला तीन तास, जायला तेरा, उतरवायला तीन, रिकामं यायला अकरा. तीस तास, ३६० ने १०,८००. एकूण २६,१००. परतीचं भाडं मिळालं तर सात हजार सुटतात, पण ते दोन खेपांत एकदा मिळतं, म्हणून त्यातले साडेतीन हजार वजा करायचे. २२,६००, म्हणजे गोळाबेरीज २२,५००. टोल फास्टॅगच्या उताऱ्याप्रमाणे वेगळा.

हायवेलगतचा पॉइंट म्हणजे दीड तास. हायवे सोडून बाजारात शिरणं, गाडी लावणं, मागची रस्सी सोडून ताडपत्री गुंडाळणं, माल उतरवणं, पोचपावतीवर सही-शिक्का, परत रस्सी आवळणं. त्यातला दुकानासमोरचा एक तास पार्टीला, म्हणजे माल घेणाऱ्या दुकानदाराला, फुकट, तो पॉइंटच्या दरातच आला. दीड तासाचे ५४०, बाजारातल्या चार-पाच किलोमीटरचे ८० आणि किरकोळ मिळून ६५० रुपये. आडबाजूचा पॉइंट असेल तर यावर वळणाचे किलोमीटर आणि त्या किलोमीटरांचे तास.

महाड, चिपळूण, कणकवली रस्त्यावरची, ६५० प्रमाणे १,९५०. रत्नागिरी हातखंब्यापासून आत तेरा, जाऊन-येऊन २६ किलोमीटर : ४४२, एका तासाचे ३६०, पॉइंटचे ६५०, म्हणजे १,४५०. दापोली खेडजवळच्या भरणे नाक्यापासून तीसेक किलोमीटर आत, येणं-जाणं ६० : १,०२०. तो वळणांचा रस्ता ताशी पंचवीसच्या वर जाऊ देत नाही, म्हणून २.४ तासांचे ८६४, अधिक ६५०. सुमारे २,५५०. पाचही पॉइंटचे मिळून ५,९५० होतात आणि पूर्ण भाडं २८,४५०. दलालाच्या अडीच हजारांत ३,४५० कमी पडतात. ते कुठे गेले हे शोधायला लांब जावं लागत नाही. वाढलेले अकरा तास म्हणजे गाडीचा एक अख्खा दिवस.

हे सगळं भरणीच्या आधी भाडेचिठ्ठीवर लिहायचं. प्रत्येक पॉइंटचा पूर्ण पत्ता, उतरवण्याचा क्रम, हमाली कोणाची, फुकट वेळ किती, त्यापुढे अर्ध्या तासाला १८०. "महाड" एवढंच लिहिलेलं चालत नाही. महाडची बाजारपेठ वेगळी आणि एमआयडीसी वेगळी, दोन्हींत काही किलोमीटरचं अंतर आहे. नुसत्या गावाच्या नावावर घेतलेला पॉइंट तिथे गेल्यावर दोन पॉइंटांचा निघतो.

पहिला दिवस : कळंबोली ते भरणे नाका

गाडी आठला गोदामाला लागते. शेवटी उतरणारा माल आधी भरायचा, म्हणून कुडाळचा माल केबिनला टेकून आणि महाडचा मागच्या फाळक्याशी, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराशी. हे सगळ्यांना माहीत असतं. गोंधळ होतो तो वजनाने. दोन बाय दोनच्या चार टाइल्सचा खोका सत्तावीस-अठ्ठावीस किलोचा असतो. महाडच्या बाराशे किलोचे त्रेचाळीस-चव्वेचाळीस खोके एकदम शेपटीला रचले आणि पुढे कुडाळच्या पोकळ टाक्या ठेवल्या, तर मागच्या अॅक्सलच्या पलीकडे वजन लटकतं, पुढची चाकं हलकी होतात आणि वळणावर स्टिअरिंग पोकळ लागतं. म्हणून टाइल्स मागच्या चाकांच्या वर आणि पुढे सरकवून घ्यायच्या, शेपटीला महाडचे हलके डबे. खोके आडवे टाकायचे नाहीत, कडेवर उभे, मध्ये गवत किंवा पुठ्ठा. प्रत्येक पार्टीच्या थप्पीवर वेगळ्या रंगाचा खडू मारला की पाचव्या पॉइंटला शोधाशोध होत नाही.

ही सोय लावून घ्यायला अर्धा तास जास्त जातो. तो हमालांच्या मुकादमाला आधी सांगितला नाही, तर ते सरळ रचून मोकळे होतात. माथाडी मंडळाच्या हद्दीत हमालीचे दर ठरलेले असतात, गाडीवाल्याने त्यात पडायचं कारण नाही. भरणीची वाराई, म्हणजे माल चढवण्याची मजुरी, गाडीच्या भाड्यातून कापायची नाही, हे मात्र चिठ्ठीवर हवं.

टाक्यांमुळे दुसरा प्रश्न येतो. हजार लिटरच्या टाकीला वजन काहीच नाही, पण गाडीच्या हौद्यातली जागा तीच खाते. सतरा फुटांत सहा टन, म्हणजे एक फूट हौदा साधारण साडेतीनशे किलोला धरायचा. टाक्यांनी दोन फूट अडवलं तर सातशे किलोचं भाडं. वजन किंवा फूट, जे जास्त भरेल ते.

कागदही इथेच बघायचे. प्रत्येक पार्टीचं बिल वेगळं आणि ई-वे बिलही (जीएसटीचा माल वाहतुकीचा ऑनलाइन कागद) वेगळं. सगळी मिळून एक एकत्रित ई-वे बिल काढता येतं, पण त्याला स्वतःची मुदत नसते, मुदत ज्या त्या बिलाची. दर २०० किलोमीटरला एक दिवस, उरलेल्या तुकड्यालाही एक. म्हणजे कुडाळच्या ४५० ला तीन दिवस, रत्नागिरीला दोन, महाडला एक. पहिला दिवस दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्री संपतो. भाग ब मध्ये गाडीनंबर आज सकाळी भरला तर कुडाळचं बिल चौथ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत चालतं. उत्साही कारकुनाने तोच नंबर काल संध्याकाळी टाकून ठेवला असेल, तर ते तिसऱ्याच रात्री मेलं आणि चौथ्या दिवशी कुडाळात उभी गाडी मुदत संपलेल्या कागदावर. भाग अ, म्हणजे मालाचा तपशील, आदल्या दिवशी भरून ठेवावा, भाग ब गाडी गोदामाच्या फळीला (माल चढवायच्या धक्क्याला) लागल्यावर. मुदत वाढवायची वेळ आलीच तर संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंतच वाढवता येते.

अॅडव्हान्स निदान साठ टक्के, म्हणजे सतरा हजार. या खेपेला ९८६ किलोमीटर होतात, १३१ लिटर, ११,८०० चं नुसतं डिझेल. तेवढं हातात आल्याशिवाय पनवेलजवळचा पळस्पे फाटा ओलांडायचा नाही.

बाराला निघून पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, इंदापूर, माणगाव. चार-सव्वाचारला महाड. बाजारपेठेत सतरा फुटी आत जाते, पण वळून बाहेर येत नाही, म्हणून तोंडाशी लावून हातगाडीने माल नेतात. दुकानाच्या दारात गाडी लागली असती तर दोन माणसं अर्ध्या-पाऊण तासात खोके उतरवतात. शंभर मीटरवर लागली की त्याच मालाला दोन तास. फुकट तास मोजायचा तो गाडी जाग्यावर लागून दुकानदाराला कळवल्यापासून. पोचपावतीच्या मागे "आली ४.२०, मोकळी ५.५०" असं लिहून त्यावरच सही घ्यायची. शिवाय दुकानाच्या पाटीसकट गाडीचा फोटो त्याच मिनिटाला व्हॉट्सअॅपवर. दीड तास झाला, एक फुकट, अर्ध्याचे १८०. दुकानदार हे पैसे तिथे देत नाही आणि मागूही नयेत, भांडणात आणखी अर्धा तास जातो. ज्याने भाडं ठरवलं त्याच्या बिलात लावायचे.

कशेडीचा बोगदा चालू असला तर जुन्या घाटापेक्षा अर्धा-पाऊण तास वाचतो. मुक्काम भरणे नाक्यावर.

दुसरा दिवस : दापोली, चिपळूण, हातखंबा

दापोलीचा माल सातशे किलो, पंचवीसेक खोके. गाडी आत न्यायची की इथेच छोट्या हत्तीत, म्हणजे लहान टेम्पोत, माल पलटी करायचा?

आत नेली तर २,५५०. पलटी केली तर छोट्या हत्तीचे जाऊन-येऊन अठराशेच्या आसपास, दोन हमालांचे तीनशे, आपण पाऊण तास उभे त्याचा अर्धा पॉइंट ३२५. झाले २,४२५. सव्वाशे रुपयांचाच फरक, म्हणून लोक नको म्हणतात. फरक पैशात नाहीच, तो चिपळूणच्या दुपारी दिसतो. आठला पलटी सुरू केली तर दहाच्या आत गाडी चिपळुणात आणि साडेअकराला मोकळी. दापोलीला गेली तर तिथली दुकानं उघडेपर्यंत थांबणं, मग परत भरणे नाका बारा, आणि चिपळूण बरोबर एकला. कोकणातला बाजार एकला शटर ओढतो. साडेतीन-चारपर्यंत ना मालक, ना हमाल. म्हणजे दापोलीचे अडीच तास खरे साडेपाच होतात.

पलटीचे तोटेही आहेत. टाइल्सला जितके हात जास्त लागतील तितके कोपरे जास्त उडतात. ई-वे बिलाच्या भाग ब मध्ये नंबर बदलून छोट्या हत्तीचा टाकावा लागतो. आणि फूट झाली तर ती कुणाच्या गाडीत, हा वाद भरणे नाक्यावरच मिटवावा लागतो, पलटी करताना खोके मोजून आणि ओले-फुटके बाजूला काढून. टाइल्स असतील तर गाडी आत न्यावी, डबे-पाइप असतील तर बिनधास्त पलटी. या खेपेत टाइल्स आहेत, म्हणून गाडी आत.

चिपळूणला एकला पोचल्यावरचे तीन तास कुणाचे? इथे गाडीवालेही चुकीचं मागतात. पार्टीने "बाराच्या आत या" सांगितलं असेल आणि गाडी एकला आली, तर ते तास आपले. कुठलीच वेळ ठरली नव्हती तरी जेवणाच्या सुट्टीचं हॉल्टिंग, म्हणजे गाडी थांबल्याचे पैसे, मागणं बरोबर नाही, दुपारी बाजार बंद असतो हे कोकणात माल टाकणाऱ्याला माहीत असायला हवं. पण "दोनला माणूस ठेवतो, या" असं सांगून शटर बंद सापडलं, तर दोनपासून मीटर चालू. म्हणून प्रत्येक दुकानाला आदल्या रात्री फोन आणि वेळेचा मेसेज.

२२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली होती. त्यामुळे माल माळ्यावर चढवून द्या अशी मागणी झाली तर ती समजण्यासारखी आहे. पण गाडीच्या भाड्यात फाळक्यापर्यंतचंच काम येतं. माळ्याची हमाली वेगळी, आणि माळ्यामुळे लागलेला वेळही तासात धरायचा.

नेमक्या याच वेळी वाढीव पॉइंटचा फोन येतो. "जाता जाता सावर्ड्याला दोन ड्रम टाकून जा, रस्त्यावरच आहे." ड्रम आहेत रत्नागिरीच्या थप्पीमागे. ते काढायला तीस खोके हलवायचे, परत रचायचे, आणि त्या ड्रमचं बिल वेगळ्या पत्त्याचं. वाटेत वाढलेल्या पॉइंटला ६५० अधिक एक तास, आणि नवं बिल मोबाइलवर आल्याशिवाय गाडी हलवायची नाही. हा दरही चिठ्ठीवर आधीच असला तर असे फोन निम्मे होतात.

साडेपाचला सुटून आरवली, संगमेश्वर करत आठ-सव्वाआठला हातखंबा. पावसाळ्यात परशुराम घाटात दरड आली की हे सगळं वेळापत्रक कोलमडतं. त्याचं हॉल्टिंग कुणाकडेच मागता येत नाही, म्हणून जून ते सप्टेंबर मूळ भाड्यातच तीन-चार तास जास्त धरलेले बरे. पावसात प्रत्येक पॉइंटलाही अर्धा तास वाढतो. ताडपत्री सगळी न उघडता मागून दोन फूटच वर करायची, आत प्लॅस्टिकचा दुसरा पडदा, माल एकेक करून बाहेर. खोका ओला झाला की तळ सुटतो आणि टाइल हमालाच्या पायावर. गणपतीच्या दिवसांत या रस्त्यावर १६ टन आणि वरच्या गाड्यांना बंदी असते. आयशर त्यात येत नाही, पण त्या गर्दीत पस्तीसचा वेग धरून भाडं सांगणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

तिसरा दिवस : रत्नागिरी, कणकवली, कुडाळ

साडेसातला हातखंब्याहून आत. मिरजोळे एमआयडीसीतलं गोदाम असलं तर अकराच्या आत मोकळं, शहरातलं दुकान असलं तर बारा. गोदामात दुसरी अडचण, आधी लागलेल्या गाड्या. तिथे तास सुरू होतो तो गेटवर नोंद झाल्यापासून, फळीला गाडी लागल्यापासून नाही. वॉचमनच्या वहीतल्या नोंदीचा फोटो काढून ठेवायचा.

पुढे पाली, लांजा, राजापूर, खारेपाटण, तळेरे. गाडी आता हलकी पडते. चार-साडेचारला कणकवली. "वायच थांबा, पोरगो येता," म्हणतात. पोरगा येईपर्यंतची वेळ पावतीवर लिहायची, रागाने नाही, हसतच. पोरगा एकटाच असतो, म्हणून क्लीनर हात लावतो. लावू द्यावा, पण त्याची हमाली दुकानदाराकडून क्लीनरला मिळाली पाहिजे.

पावतीवर "माल तपासून घेतला नाही" असा शेरा कुणी मारू लागला तर थांबून तपासून घ्यायला लावायचं. तीन खोके फुटले असतील तर "३ खोके फुटले, बाकी बरोबर" एवढंच लिहून घ्यायचं. मोघम शेऱ्यावर पुढे अख्ख्या थप्पीची किंमत भाड्यातून कापली जाते.

दिवस मावळता कुडाळ. रात्रीचा वेळ पार्ट्यांमध्ये भाडं वाटायला बरा. एकच व्यापारी सगळं देणार असेल तर प्रश्न नाही. सहा जण मिळून गाडी करतात तेव्हा मात्र सरळ सहा भाग केले तर महाडवाला कुडाळवाल्याचं भाडं भरतो. मूळ २२,५०० टन-किलोमीटरवर वाटायचे : महाड १.२ टन १३०, दापोली ०.७ टन भरणे नाक्यापर्यंतचे १८५, चिपळूण १.३ टन २२०, रत्नागिरी १.२ टन हातखंब्यापर्यंतचे ३००, कणकवली ०.८ टन ४१५, कुडाळ ०.८ टन ४५०. गुणाकारांची बेरीज १,६२३.५, म्हणजे टन-किलोमीटरला १३ रुपये ८६ पैसे. महाडच्या वाट्याला २,१६२, चिपळूणला ३,९६४, कुडाळला ४,९८९. वळणाचा आणि पॉइंटचा खर्च मात्र वाटायचा नाही, ज्याचा त्याच्याच नावावर. दापोलीचे मूळ १,७९५ आणि वरचे २,५५० मिळून ४,३४५ होतात. सातशे किलोला चिपळूणच्या तेराशे किलोएवढं भाडं कसं, असं दापोलीवाला विचारणारच. त्याला वळणाचा हिशेब दाखवायचा आणि पुढच्या वेळी भरणे नाक्यावर माल घ्यायला स्वतःचा टेम्पो पाठवायचा पर्याय द्यायचा.

चौथा दिवस : कुडाळ आणि परत

नऊला माल उतरायला सुरुवात, बाराच्या आत गाडी रिकामी. कुडाळ शेवटचा पॉइंट, तो मूळ भाड्यातच धरलेला, त्याचे ६५० वेगळे लावायचे नाहीत. सहाही पोचपावत्यांचे फोटो लगेच पाठवायचे, कागद कुरिअरने. दहा किंवा कमी गाड्या असलेल्या मालकाने पॅन आणि तसं लेखी दिलं की भाड्यातून टीडीएस कापला जात नाही. ते पत्र बिलासोबतच जोडावं, नंतर कापलेले पैसे सोडवायला रिटर्न भरावा लागतो.

परतीच्या भाड्यासाठी संध्याकाळपर्यंत थांबायचं की रिकामं निघायचं? चार तास थांबण्याची किंमत १,४४०. हाती लागणारं भाडं सात हजारांच्या आसपास असेल आणि आजच भरणार असेल तर थांबावं. "उद्या सकाळी नक्की" असेल तर निघावं. एप्रिल-मेमध्ये हे गणित उलटतं. देवगडकडून वाशी मार्केटला आंब्याच्या पेट्या रोज निघतात, परतीचं भाडं जवळपास पक्कं, त्यामुळे जातानाचं भाडं साडेतीनऐवजी सात हजारांनी कमी सांगता येतं. पण आंबा भरणारा दुपारी गाडी मागतो, पहाटे माल मार्केटला पोचला पाहिजे. एका पॉइंटवर दोन तास अडकलो तर ती पेटी दुसऱ्या गाडीत जाते. म्हणून त्या दोन महिन्यांत जादा तासाचा दर ३६० ठेवायचा नाही, निदान ६०० लावायचा, आणि फुकट तास एकऐवजी पाऊण करायचा.

डिझेल पाच रुपयांनी हललं की किलोमीटरचा दर ६७ पैशांनी हलवायचा, नफा धरून ७५. तासाचा दर डिझेलने हलत नाही, तो हप्ता, पगार किंवा विमा बदलला की पुन्हा काढायचा.